यंत्राचा खर्च कोणाच्या माथी? गेम स्ट्रीमिंग आणि कन्सोलच्या धंद्याविषयी वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची क्लाउड गेमिंग सेवा भारतात सुरू झाली, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) आणि स्ट्रीमिंग किंवा क्लाउड गेमिंग (कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळणे) यांविषयीचे प्रश्न वाढले आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. बरीच पत्रे एकाच आशयाची असल्यामुळे काहींचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मुलगा बारावीनंतर प्लेस्टेशन ५ घेऊन द्या म्हणून हटून बसला आहे. माझे मेहुणे म्हणतात की आता टीव्हीवर ॲप उघडले की कन्सोलशिवाय गेम खेळता येतात, तेव्हा पन्नास-पंचावन्न हजार रुपये पाण्यात घालू नका. मुळात कंपन्या हे यंत्र विकून कमावतात तरी किती, आणि स्ट्रीमिंगमुळे त्यांचे खरोखर काही बिघडणार आहे काय? (एक पालक, नाशिक)

उत्तर : यंत्राच्या विक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर हा धंदा फारसा कधी चाललेला नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक विरुद्ध ॲपल हा खटला चालू असताना एक्सबॉक्स विभागाच्या अधिकारी लॉरी राइट यांनी साक्षीत सांगितले की मायक्रोसॉफ्टने कन्सोलच्या विक्रीवर आजवर एकदाही नफा मिळवलेला नाही. सोनीने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ चे वरचे मॉडेल अमेरिकेत ५९९ डॉलरला विकायला काढले, लोकांनी किमतीच्या नावाने बोटे मोडली, आणि तरीही ती किंमत निर्मितीखर्चापेक्षा कमीच होती. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला सुमारे २३२ अब्ज येनचा तोटा सोसावा लागला. निन्टेन्डो ही कंपनी यंत्रावरही चार पैसे सुटतील अशा बेताने आखणी करते, पण तो अपवाद समजावा.

खरी कमाई पुढे होते. कन्सोलवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे, मग तो कोणीही बनवलेला असो, कन्सोलच्या कंपनीला हिस्सा मिळतो आणि डिजिटल विक्रीत तो साधारण ३० टक्के असतो. ७० डॉलरच्या गेममागे २१ डॉलर, आणि वर ऑनलाइन खेळण्याची वर्गणी. या व्यवस्थेचे मूळ १९८० च्या दशकात आहे. अटारीच्या काळात कोणीही उठून कॅसेट बनवत असे, बाजारात सुमार गेमचा सुळसुळाट झाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दोन वर्षांनी निन्टेन्डोने आपले यंत्र तेथे नेले ते आत एक कुलपाची चिप बसवूनच. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट त्यात चालू नये, अशी ती योजना होती. परवान्याबरोबर अटी आल्या आणि पैसेही आले. आज कॅसेट गेली, चिपच्या जागी सॉफ्टवेअर आले, पण जकातनाका तोच आहे.

या व्यवस्थेची गोम अशी की तोट्यात का होईना, यंत्राचे बहुतेक पैसे ग्राहक स्वतःच्या खिशातून भरतो. स्ट्रीमिंगमध्ये यंत्र कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असते आणि त्याचा सगळा खर्च कंपनीवर येतो. पुढील बहुतेक उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे तर प्लेस्टेशनची स्ट्रीमिंग सेवा भारतात उपलब्ध नाही. ज्या देशांत ती आहे तेथे प्लेस्टेशन प्लस सदस्यत्वाच्या सर्वांत वरच्या स्तराचे नाव ‘प्रीमियम’ असते. आपल्याकडे त्या जागी स्ट्रीमिंग वगळलेला ‘डिलक्स’ स्तर मिळतो. मेहुण्यांचे म्हणणे एक्सबॉक्सच्या बाबतीत खरे आहे. मात्र मुलाला सोनीचेच गेम हवे असतील, तर त्याचा येथे उपयोग नाही. शिवाय ‘थोडे थांबा, किंमत उतरेल’ हा जुना सल्लाही आता चालत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेले डिस्कचे मॉडेल २०२२ च्या अखेरीस ५४,९९० रुपयांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेतही सोनीने किंमत ५० डॉलरने वाढवली.

प्रश्न : नेटफ्लिक्स आले आणि डीव्हीडीची दुकाने बंद झाली. स्पॉटिफाय आले आणि सीडी गेल्या. मग गेमच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षे नुसतीच चर्चा का चालू आहे? तंत्रज्ञान तर तेच आहे ना? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : तंत्रज्ञान तेच नाही. चित्रपटाची प्रत कंपनी एकदाच तयार करते, ती निरनिराळ्या दर्जांत दाबून ठेवते आणि आपल्या गावाजवळच्या सर्व्हरवर आधीच नेऊन ठेवते. तो चित्रपट दहा जणांनी पाहिला काय किंवा दहा लाख जणांनी पाहिला काय, कंपनीला प्रत्येक प्रेक्षकासाठी पुन्हा काही बनवावे लागत नाही. फाइल तेवढी पाठवायची असते. गेममध्ये पाठवण्यासाठी तयार असे काहीच नसते. आपण बटण दाबल्यावर पुढचे चित्र काय असेल ते ठरते, आणि ते चित्र केवळ आपल्यासाठी त्या क्षणी तयार करावे लागते, सेकंदाला साठ वेळा. म्हणजे आपण खेळत असेपर्यंत डेटा सेंटरमधील एक ग्राफिक्स प्रोसेसर, किंवा त्याचा ठरावीक भाग, आपल्या एकट्याच्या दिमतीला असतो.

आता थोडा हिशेब मांडून पाहा. समजा एखाद्या सेवेचे एका शहरात एक लाख सदस्य आहेत आणि रात्री नऊ वाजता त्यांतले दहा टक्के खेळायला बसतात. कंपनीला तेथे दहा हजार जणांना पुरतील एवढी यंत्रे उभी करावी लागतील. पहाटे चार वाजता त्यांतली बहुतेक रिकामी पडून राहतील. ‘मग ती त्या वेळी अमेरिकेतील खेळाडूंना द्यावीत’ असे कोणालाही वाटेल, पण अंतरामुळे ते जमत नाही. मुंबईतील यंत्रावर न्यूयॉर्कचा माणूस खेळू लागला तर बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांत न खपणारे अंतर पडेल. क्लाउड व्यवसायाचे सारे उखळ पांढरे झाले ते एकच यंत्र अनेक ग्राहकांमध्ये दिवसभर फिरवत ठेवण्यावर. गेम स्ट्रीमिंगमध्ये नेमके तेच हवे तेवढे साधत नाही, कारण एका भागातले सगळे ग्राहक साधारण एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी झोपायला जातात.

मायक्रोसॉफ्टची अडचण यापुढची होती. तिने आपल्या सेवेसाठी एक्सबॉक्स कन्सोलचेच सुटे भाग सर्व्हरच्या कप्प्यांत बसवले, आरंभी एक्सबॉक्स वन एसचे आणि २०२१ पासून सिरीज एक्सचे. त्यामुळे कन्सोलसाठी लिहिलेले गेम जसेच्या तसे चालले, हा मोठा फायदा झाला. पण असे यंत्र रिकामे असताना दुसऱ्या सर्वसाधारण कामाला जुंपणे सोपे नसते.

खर्चाचा हा काच किती खरा आहे हे कंपन्यांच्या नियमांवरून दिसते. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाउ या सेवेवर फुकट खेळणाऱ्याला एका वेळी तासभरच मिळतो, आणि जानेवारी २०२५ पासून पैसे भरणाऱ्या नव्या सदस्यांनाही महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली गेली. ग्राफिक्स प्रोसेसर स्वतः बनवणारी कंपनी जिथे तास मोजते, तिथे इतरांची काय कथा? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पास अल्टिमेट या वरच्या सदस्यत्वाचा अमेरिकेतील दर महिन्याला १९.९९ डॉलरवरून थेट २९.९९ डॉलर केला. त्याच ग्राफिक्स प्रोसेसरला आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात मिळणारे भाडे पाहता, ते गेमसाठी राखून ठेवणे हा व्यवहार दिवसेंदिवस अधिक आतबट्ट्याचा होत चालला आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : गूगलजवळ पैसा होता, डेटा सेंटर होती, यूट्यूबसारखे व्यासपीठ होते. तरीही त्यांचे स्टेडिया (गेम स्ट्रीमिंगची सेवा) बुडाले. याचा अर्थ कल्पनाच चुकीची होती असा घ्यायचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कल्पनेतील तांत्रिक भाग बऱ्यापैकी चालला. स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये चौदा देशांत सुरू झाले (भारत त्यांत नव्हता), आणि इंटरनेटची जोडणी चांगली असलेल्या घरांत ते वाईट चालत नव्हते. चूक विक्रीच्या रीतीत होती. ग्राहकाला यंत्र घ्यावे लागत नव्हते, पण गेम मात्र कन्सोलइतक्याच किमतीला एकेक करून विकत घ्यावा लागत होता, आणि तो स्टेडियाखेरीज कुठेही चालत नव्हता. प्रो सदस्यत्वाचे ९.९९ डॉलर वेगळेच. म्हणजे गूगलने कन्सोलवाल्यांचा नाका तसाच ठेवला आणि त्या बदल्यात ते जे देत, म्हणजे घरातले यंत्र, कपाटातली डिस्क आणि मित्रमंडळींचे आधीच तयार असलेले जाळे, ते काहीच दिले नाही. ज्याच्या घरी आधीपासून प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स होता त्याला इकडे येण्याचे कारण नव्हते. ज्याच्या घरी नव्हता त्याला साठ डॉलरचा गेम घेण्याची सवय नव्हती.

दुसरी बाब धीराची. कन्सोल लोकप्रिय होतो तो केवळ त्याच्यावरच मिळणाऱ्या गेममुळे, आणि असा मोठा गेम तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात. गूगलने स्वतःचा स्टुडिओ काढला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, पहिल्या मोठ्या गेमचे नाव निघण्याआधीच, तो बंद केल्याचे जाहीर केले. बातमी आली त्या दिवशीच इतर निर्मात्यांना पुढचे दिसले असणार. सप्टेंबर २०२२ मध्ये सेवा गुंडाळण्याची घोषणा झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला ती बंद पडली. येथे गूगलचे एक कौतुक करायला हवे : कंपनीच्या दुकानातून घेतलेल्या उपकरणांचे आणि गेमचे पैसे तिने ग्राहकांना परत केले (मासिक वर्गणी मात्र परत दिली नाही), आणि कंट्रोलर इतर यंत्रांवर ब्लूटूथने चालावा म्हणून अद्ययावत सॉफ्टवेअरही दिले.

२०१० मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइव्ह या स्ट्रीमिंग सेवेच्या ग्राहकांना असे काही मिळाले नव्हते. कंपनी २०१२ मध्येच डबघाईला आली, एप्रिल २०१५ अखेर सेवा थांबली, तिची पेटंट सोनीने घेतली आणि लोकांनी तेथे विकत घेतलेले गेम सर्व्हरबरोबरच गेले. सोनीने त्याआधी २०१२ मध्येच गायकाय ही दुसरी स्ट्रीमिंग कंपनी ३८ कोटी डॉलरला खरेदी केली होती. ज्या तंत्रज्ञानाने कन्सोलचा धंदा बुडणार असे म्हटले जात होते, त्यातला मोठा वाटा कन्सोल विकणाऱ्या कंपनीच्या हाती असा अलगद आला.

प्रश्न : आमच्याकडे शंभर एमबीपीएसचे कनेक्शन आहे. तरी मित्राच्या खात्यावर फुटबॉलचा गेम स्ट्रीम करून पाहिला तेव्हा पास देताना खेळाडू जरा उशिराच हलतो असे वाटले. हा दोष कशाचा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : शंभर एमबीपीएस हे नळातून किती पाणी येते त्याचे माप झाले, तोटी उघडल्यावर पहिला थेंब किती वेळाने पडतो हे त्यावरून कळत नाही. खेळात ते दुसरे माप महत्त्वाचे.

आपण पासचे बटण दाबता तेव्हा कंट्रोलरचा संदेश आधी टीव्हीकडे किंवा फोनकडे जातो, तेथून वायफायने राउटरकडे, मग इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातून सर्व्हरकडे. सर्व्हर पुढचे चित्र तयार करतो, ते व्हिडिओच्या स्वरूपात दाबतो आणि त्याच वाटेने परत पाठवतो. आपला टीव्ही ते उलगडतो आणि मग दाखवतो. सेकंदाला साठ चित्रे म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून सर्व्हर मुंबईत असेल आणि केबलचा मार्ग साडेआठशे किलोमीटरचा धरला, तर नुसत्या जाण्यायेण्याला साडेआठ मिलिसेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या चित्राचा वेळ. हे चालून जाते. पण सेवेचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासूनच सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान चाळीस मिलिसेकंद, आणि समुद्रातील केबल सरळ रेषेत जात नाही. ही मर्यादा भौतिकशास्त्राची आहे, ती कोणत्याही प्लॅनने सुटत नाही. म्हणूनच ज्या देशाच्या जवळपास डेटा सेंटर नाही त्या देशात अशा सेवा सहसा सुरू करत नाहीत, आणि म्हणूनच एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये भारतात येण्याची घोषणा केली तेव्हा येथे सर्व्हर बसवण्याची गोष्टही ओघाने आलीच.

आपल्या बाबतीत मात्र मला घरातल्या वायफायचा संशय अधिक येतो. टीव्हीला राउटरची केबल थेट जोडून पाहावी आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करावा. पुष्कळ टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात पन्नास मिलिसेकंद सहज खातात. घरच्या कन्सोलवरही थोडा विलंब असतोच, पण तो कायम सारखा असतो आणि हाताला त्याची सवय होते. स्ट्रीमिंगमध्ये तो क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे खेळणारा वैतागतो. संथ गतीच्या गेममध्ये हे जाणवणारही नाही.

डेटाचाही विचार ठेवावा. जीफोर्स नाउ १०८० पी चित्रासाठी २५ एमबीपीएसची शिफारस करते. तेवढा वेग सतत वापरला गेल्यास तासाला ११ जीबीहून अधिक डेटा लागेल. घरच्या फायबरवर हे जमते. दिवसाला दोन जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर अकरा मिनिटांत खेळ आटोपेल.

प्रश्न : माझे नव्या-जुन्या गेमच्या डिस्कचे छोटे दुकान आहे. मुले गेम संपला की परत आणून देतात, मी डिस्क दिव्याखाली धरून ओरखडे पाहतो, भाव ठरतो आणि ती पुढच्या मुलाला जाते. एकच डिस्क चार-पाच घरे फिरते. स्ट्रीमिंगमुळे हे संपणार का? (एक दुकानदार, ठाणे)

उत्तर : संपण्याची सुरुवात स्ट्रीमिंगच्या आधीच झालेली आहे, आणि ती डाउनलोडने केली. आपल्या दुकानात डिस्क चार घरे फिरते तेव्हा कन्सोलच्या कंपनीला आणि गेम बनवणाऱ्याला पहिल्या विक्रीचेच पैसे मिळतात. पुढच्या तीन व्यवहारांत त्यांना एक पैसाही मिळत नाही. हे त्यांना पहिल्यापासून सलत आले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन आणताना जुन्या डिस्कच्या देवाणघेवाणीवर बंधने घालण्याचे जाहीर केले, ग्राहक इतके खवळले की जूनमध्येच ते मागे घ्यावे लागले. पुढे हीच गोष्ट घोषणा न करता घडली. डिस्कची खाचच नसलेली स्वस्त मॉडेल २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी आणली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महागड्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्येही डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. डाउनलोड केलेला गेम पुन्हा विकता येत नाही आणि स्ट्रीम केलेला गेम तर ग्राहकाजवळ कधी नसतोच.

आपल्याकडे नवा गेम पाच हजारांच्या घरात जात असल्यामुळे जुन्या डिस्कला मागणी टिकून आहे आणि काही वर्षे ती टिकेल. तरीही दुकानाची सारी भिस्त यापुढे डिस्कवर ठेवू नये. कंट्रोलरची दुरुस्ती, जुन्या कन्सोलची साफसफाई आणि विक्री ही कामे सर्व्हरवर नेता येत नाहीत.

प्रश्न : २०२३ मध्ये आमच्या इथल्या नियामकाने मायक्रोसॉफ्ट-ॲक्टिव्हिजन व्यवहार अडवला तो कन्सोलसाठी नव्हे, तर क्लाउड गेमिंगसाठी, असे वाचले होते. एवढ्याशा बाजारासाठी एवढा मोठा व्यवहार अडवणे योग्य होते का? (एक मराठी वाचक, लंडन)

उत्तर : मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी विकत घेण्याचा, जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेला हा व्यवहार ६८.७ अब्ज डॉलरचा होता. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे सीएमएने, कन्सोलविषयीची हरकत तपासाअंती सोडून दिली, पण क्लाउडची धरून ठेवली आणि २६ एप्रिल २०२३ ला परवानगी नाकारली. सीएमएचे म्हणणे असे की जगातील क्लाउड गेमिंगचा ६० ते ७० टक्के हिस्सा आधीच मायक्रोसॉफ्टकडे आहे. विंडोज तिचे, अझूर हे क्लाउडचे जाळे तिचे, एक्सबॉक्सही तिचाच, आणि त्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारखा गेमही तिचाच झाला तर नवा प्रतिस्पर्धी उभाच राहणार नाही. युरोपीय आयोगाने हीच भीती मान्य केली, पण इतर स्ट्रीमिंग सेवांना दहा वर्षे परवाने देण्याच्या अटीवर मे महिन्यात संमती दिली. शेवटी मायक्रोसॉफ्टने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे ॲक्टिव्हिजनच्या गेमचे स्ट्रीमिंग हक्क, तोवरच्या आणि पुढील पंधरा वर्षांत येणाऱ्या गेमपुरते, युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला दिले, आणि १३ ऑक्टोबर २०२३ ला व्यवहार पूर्ण झाला.

योग्य होते का? माझ्या मते नियामकाने प्रश्न बरोबर ओळखला. कन्सोलच्या जगात मक्तेदारी यंत्राच्या बळावर येते आणि यंत्र पाच-सात वर्षांनी बदलते, त्यामुळे नव्या स्पर्धकाला दर पिढीत एक दार उघडे मिळते. स्ट्रीमिंगमध्ये ते दार नाही. ज्याच्याकडे डेटा सेंटर आणि गेम दोन्ही असतील त्याला हलवणे फार कठीण. पण बाजार अपेक्षेइतका वाढला नाही हेही खरे, त्यामुळे युबिसॉफ्टला मिळालेल्या हक्कांचे महत्त्व आजवर कागदावरच अधिक राहिले आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मिळून छोटा गेम बनवत आहोत. विक्रीऐवजी वर्गणीच्या किंवा स्ट्रीमिंगच्या सेवेत गेम दिला तर पैसे कसे मिळतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ठरावीक दर नाही, प्रत्येक करार वेगळा असतो. गेम पाससाठी मायक्रोसॉफ्ट काही वेळा एकरकमी पैसे देते, काही वेळा निर्मितीचा खर्च उचलते आणि काही वेळा वापरानुसार मोबदला ठरवते. स्टेडियाने २०२१ मध्ये प्रो वर्गणीच्या उत्पन्नाचा ७० टक्के भाग निर्मात्यांत वाटायचे ठरवले होते, आणि वाटणी कोणाचा गेम किती दिवस खेळला गेला यावर.

या शेवटच्या पद्धतीतली मेख आपण नीट समजून घ्यावी. खेळलेल्या वेळेवर पैसे ठरले की शंभर तास चालणारा गेम जिंकतो आणि चार तासांत उत्तम गोष्ट सांगून संपणारा गेम हरतो. तिघांचा गेम बहुधा दुसऱ्या प्रकारचा असेल. अशा वेळी आधी हाती पडणारी एकरकमी रक्कम छोट्या संघाला मोठा आधार ठरते, कारण विक्रीची जोखीम तेवढ्यापुरती मिटते. मोठ्या गेमचे गणित उलट आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन कागदपत्रांतील काळी केलेली अक्षरे वाचता आल्यामुळे उघड झाले की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ च्या निर्मितीला सोनीला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते. एवढा पैसा वर्गणीतून वसूल होणे अवघड, म्हणून सोनी आपले मोठे नवे गेम पहिल्या दिवशी सदस्यत्वात घालत नाही.

करार करताना स्ट्रीमिंगचे हक्क वेगळे नमूद करून घ्यावेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जीफोर्स नाउ चाचणीच्या टप्प्यातून बाहेर पडताच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि बेथेस्डा यांनी तेथून आपले गेम काढून घेतले होते, खेळाडूंनी ते रीतसर विकत घेतलेले असूनसुद्धा. त्यानंतर एनव्हिडियाला निर्मात्यांची संमती आधी घेण्याची पद्धत स्वीकारावी लागली.

प्रश्न : आयफोनवर एक्सबॉक्सचे क्लाउड गेम ॲपमधून का चालत नाहीत? सफारीतून खेळावे लागते. (एक वाचक, पणजी)

उत्तर : कारण येथे दोन नाकेदार समोरासमोर आले. ॲपलने २०२० मध्ये अशी अट घातली की स्ट्रीमिंग सेवेतील प्रत्येक गेम ॲप स्टोअरकडे स्वतंत्र ॲप म्हणून सादर करावा. शेकडो गेमच्या बाबतीत ते शक्य नव्हते, आणि आतील खरेदीवर ॲपलचा हिस्सा होताच. म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि इतरांनी ब्राउझरची आडवाट धरली. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने एकाच ॲपमधून पूर्ण सेवा देण्यास परवानगी दिली, तरी पैशांच्या नियमांवरून ओढाताण चालूच राहिली.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट आता आपले गेम प्लेस्टेशनवरही देत आहे. कन्सोलच्या लढाईत तिने हार मानली, असे म्हणायचे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : यंत्रांच्या विक्रीत ती मागे पडली, हे तिच्याच आकड्यांत दिसते, जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत एक्सबॉक्स यंत्रांचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत २९ टक्क्यांनी घटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये चार गेम इतर कन्सोलवर देण्याची घोषणा झाली आणि तेथून ही रीघ वाढत गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून कंपनीने जाहिरातींतून सांगायला सुरुवात केली की फोन, टीव्ही, लॅपटॉप हे सगळेच एक्सबॉक्स आहेत. जकात यंत्रावर न घेता खात्यावर घ्यायची, मग गेम कुठेही चालो, असा तो डाव आहे.

त्यामागे कारणही आहे. प्लेस्टेशन २ च्या १६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि सोनीच्या पुढच्या एकाही कन्सोलला तो आकडा गाठता आलेला नाही. लोकसंख्या वाढली, गेमचे खर्च कित्येक पटींनी वाढले, पण पाचशे डॉलरचे यंत्र घेणाऱ्या घरांची संख्या फारशी वाढली नाही. भारतासारख्या देशांत तर ती नगण्यच आहे. ज्यांच्या घरी कन्सोल कधीच येणार नाही त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा स्ट्रीमिंग हा एक मार्ग आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा खरा उपयोग तेवढाच आहे; ज्याच्याकडे कन्सोल आहे तो स्ट्रीमिंगसाठी कन्सोल सोडून देतो आहे, असे कुठे दिसलेले नाही.

मायक्रोसॉफ्टनेही यंत्रावर पाणी सोडलेले नाही. पुढच्या पिढीच्या कन्सोलसह इतर यंत्रांसाठी तिने जून २०२५ मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीशी अनेक वर्षांची भागीदारी जाहीर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या नावाचे हातात धरून खेळायचे यंत्र आले, ते मात्र एसुसने बनवलेले. निर्मितीची जोखीम एसुसची, नाव मायक्रोसॉफ्टचे, अशी ही सोयीची वाटणी आहे. फक्त ते यंत्र विंडोजवर चालते, विंडोजवर स्टीम हे गेमचे दुकानही चालते, आणि तेथे विकल्या गेलेल्या गेममधला हिस्सा मायक्रोसॉफ्टला न मिळता स्टीम चालवणाऱ्या व्हाल्व्ह या कंपनीला मिळतो.